नांगर आणि चो : पंजाबातील एका जमाखर्चाची कथा

चंदीगडला बदली झाल्याचा हुकूम हाती पडला तेव्हा या शहराविषयी मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक, ते ल कार्बुझिए नावाच्या स्थापत्यविशारदाने आखले. आणि दुसरी, येथे थंडी कडाक्याची पडते. ‘चो’ हा शब्द मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. आज, येथे काही वर्षे काढल्यावर, हा एकाक्षरी शब्द ज्याला कळला त्याला पंजाबच्या शेतीचा निम्मा इतिहास कळला, असे मला वाटू लागले आहे. पंजाबातच नव्हे, तर दिल्लीत आणि अन्यत्र नोकरीनिमित्त विखुरलेल्या आपल्या वाचकांनाही त्या इतिहासाशी कर्तव्य आहे. ते कसे, हे सांगण्याचा हा अल्प प्रयत्न.

आमचे बिऱ्हाड मोहालीच्या अंगाला, सेक्टर ८१ मधील ‘नॉलेज सिटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीच्या जवळ आहे. विज्ञान शिक्षण व संशोधनाची जी राष्ट्रीय संस्था २००७ साली मोहालीला स्थापन झाली, ती तेथेच आहे. सकाळी फिरावयास निघालो म्हणजे एका हाताला संशोधनसंस्थांच्या इमारती दिसतात आणि पुढे गेल्यावर दुसऱ्या हाताला हंगामाप्रमाणे गहू किंवा भात लागतो. हवा स्वच्छ असली तर ईशान्येस शिवालिकची निळसर रांग दिसते. आपल्या सह्याद्रीच्या मानाने ही टेकाडेच. परंतु सह्याद्रीचा काळा पाषाण आणि शिवालिकची माती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवालिक म्हणजे हिमालयातून वाहून आलेला गाळ, गोटे, वाळू आणि चिकणमाती यांचा अगदी अलीकडच्या भूयुगातला ढीग. त्यावरचे गवत आणि झाडी हेच त्याचे कवच. ते निघाले की पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर डोंगर खाली उतरू लागतो.

पहिल्याच उन्हाळ्यात एका सहकाऱ्याबरोबर प्रवास करीत असता एक लांबलचक पूल लागला. खाली पाहावे तो पाण्याचा थेंब नाही, नुसती वाळू. “एवढा पूल कशासाठी?” असे मी विचारले. “साहब, यह चो है. जुलाई में देखना,” असे उत्तर मिळाले. जुलैत पाहिले. दोन तासांच्या पावसाने ते पात्र गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहत होते आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी पुन्हा वाळू होती, पण आदल्या दिवशीपेक्षा थोडी अधिक पसरलेली. चो म्हणजे ही शिवालिकच्या पायथ्याची हंगामी ओढ-नदी. ती वर्षाचे अकरा महिने झोपते, आणि जागी होते तेव्हा शेतातली माती नेते व तिच्या जागी वाळू टाकते.

आता या चोंचा इतिहास पाहू.

चंदीगडहून शिवालिकच्या पायथ्यापायथ्याने वायव्येस गेले म्हणजे होशियारपूर जिल्हा लागतो. पहिल्या शीख युद्धानंतर, १८४६ साली, हा जालंदर दुआबाचा मुलूख इंग्रजांकडे आला. नव्या सरकारने प्रथम केले ते जमाबंदीचे काम. डोंगर गावांच्या नावे लागले, हक्क वाटून दिले गेले आणि शांतता लाभल्यामुळे लोकसंख्या व लागवड दोन्ही वाढली. इमारती लाकडाला आणि सरपणाला बाजार मिळाला. डोंगरउतारावर जेथे म्हणून नांगर धरता येईल तेथे तो धरला गेला. जेथे धरता येईना तेथे शेळ्या-मेंढ्या चढल्या. सरकारदप्तरी ही प्रगती होती, कारण लागवडीखालचे क्षेत्र वाढले म्हणजे सारा वाढला.

परंतु त्याच दप्तरात दुसरीही एक नोंद होत होती. १८५२ च्या सुमारास होशियारपूर जिल्ह्यात चोंच्या वाळूखाली सुमारे ४८ हजार एकर जमीन होती. शतक संपता संपता तो आकडा ९४ हजारांच्या आसपास गेला. जवळजवळ दुप्पट! अन् ही वाळू जेथे पसरली ती जमीन डोंगरातील नव्हे. ती होती खालच्या सपाटीवरच्या, पिढ्यान्‌पिढ्या कसल्या जाणाऱ्या उत्तम गावांची. वरच्या गावाने चार एकर माळ फोडला आणि खालच्या गावाची आठ एकर काळी गाडली गेली, असाच हा व्यवहार. वरच्याला खालच्याचे नुकसान दिसत नव्हते. खालच्याला वरच्यावर काही इलाज नव्हता. आणि दोन्ही गावांची खाती निरनिराळ्या पानांवर असल्यामुळे सरकारलाही बेरीज-वजाबाकी एकत्र करण्याची गरज बराच काळ भासली नाही.

माझे आयुष्य कारकुनीत चालले आहे, त्यामुळे असेल कदाचित, पण मला या साऱ्या प्रकरणाचे मर्म येथेच दिसते. आम्हा हिशेबी लोकांना पहिला धडा मिळतो तो हा की, एका खात्यावर जमा पडली म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर खर्च पडलाच पाहिजे. नव्या लागवडीच्या बाबतीत मात्र जमा तेवढी ठळक अक्षरांत मांडली जाते आणि खर्च भलत्याच माणसाच्या नावे, भलत्याच वर्षी, कित्येकदा भलत्याच गावी पडतो. म्हणून तो कुणी मांडीत नाही.

होशियारपूरचा खर्च अखेर मांडावाच लागला. १९०० साली पंजाब सरकारने चोंसंबंधीचा भूसंरक्षण कायदा केला. अधिसूचित डोंगरांत झाडे तोडणे, नवी जमीन फोडणे, शेळ्या-मेंढ्या चारणे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. सव्वाशे वर्षे होत आली तरी तो कायदा रद्द झालेला नाही. चंदीगडच्या अवतीभवती डोंगरपायथ्याला बंगले बांधू पाहणाऱ्यांना तो आजही आडवा येतो, आणि त्यावरून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत. कायद्याने काही डोंगर वाचले हे खरे. परंतु ज्याच्या शेळ्या डोंगरावरून उतरविल्या त्याने पोट कसे भरावे, याचे उत्तर कायद्यात नव्हते. त्यामुळे पहारेकरी आणि गुराखी यांचा लपंडाव पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला.

होशियारपूरचे चो माती नेत होते त्याच काळात पंजाबच्या पश्चिम भागात, आज जो पाकिस्तानात आहे, लागवडीच्या विस्ताराचा एक प्रचंड प्रयोग चालला होता. नद्यांच्या दुआबांतील उंच, कोरड्या माळांना तेथे ‘बार’ म्हणत. जंड, करीर यांसारखी काटेरी झाडी आणि तीत गुरे व उंट घेऊन फिरणारे पशुपाल हीच तेथील वस्ती. १८८० च्या दशकापासून सरकारने तेथे कालवे नेले आणि मध्य पंजाबातून शेतकरी नेऊन वसविले. १८९२ साली खालच्या चिनाब कालव्याला बारमाही पाणी मिळाले व त्यावर लायलपूरची वसाहत उभी राहिली. १८८५ साली पंजाबात कालव्याखाली तीस लाख एकरांहून कमी जमीन होती. इंग्रज गेले तेव्हा ती एक कोटी चाळीस लाख एकरांवर गेली होती. जगात त्या वेळी याला तोड नव्हती. बारमधील पशुपालांना मात्र ‘जांगली’ हे नाव आणि मोजकी जमीन यांवर समाधान मानावे लागले. पहिला खर्च त्यांच्या नावे पडला.

दुसरा खर्च जमिनीच्या पोटात साठत होता. कालव्यांतून आणि शेतांतून झिरपलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट नव्हती. पूर्वी जेथे ऐंशी-नव्वद फूट खोल विहिरी खणाव्या लागत, तेथे भूजल वर चढत चढत मुळांशी येऊन ठेपले. या पाणथळीला पंजाबीत ‘सेम’ म्हणतात. आणि पाणी वाफ होऊन गेल्यावर मागे राहणाऱ्या पांढऱ्या क्षाराला ‘थूर’. फाळणीनंतर ही दोन्ही दुखणी पाकिस्तानच्या वाट्याला आली. १९६० च्या दशकात हजारो नलिका-विहिरी खणून त्या देशाला हे पाणी उपसावे लागले, आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी रॉजर रेव्हेल यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन शास्त्रज्ञांचे एक मंडळ याच प्रश्नासाठी तिकडे धाडले.

सेम आणि थूर हे शब्द प्रथम ऐकले तेव्हा मला माझ्या आजोळाची आठवण झाली. आमचे आजोळ बारामतीच्या बाजूचे, नीरा डाव्या कालव्याखालचे. हा कालवा १८८५ चा. म्हणजे लायलपूरच्या कालव्याचा समवयस्कच. दुष्काळी मुलखाला त्याने अन्न दिले, ऊस दिला, पक्की घरे दिली, हे नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. परंतु आजोबांच्या शेताचा ओढ्याकडचा तुकडा मी पाहिला तो चोपणच. उन्हाळ्यात त्यावर मीठ सांडल्यासारखा पांढरा थर दिसे आणि आम्ही मुले बोट लावून तो चाखीत असू. “वरल्या अंगाला ऊस आला, त्याचा खार आपल्याकडं फुटला,” एवढेच आजी म्हणे. तिच्या स्वरात तक्रार नसे. मोठेपणी वाचनात आले की, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरेच्या खोऱ्यातील खारजमिनींवर १९१० सालीच एक पत्रिका प्रसिद्ध केली होती. कालव्याला तेव्हा पंचवीस वर्षेच झाली होती! जे शास्त्रज्ञांनी छापून ठेवले आणि आजीने एका वाक्यात सांगितले, ते पुढे कृष्णाकाठी सांगलीकडेही घडलेच. ज्ञान नव्हते असे नाही. ज्याला ज्ञान होते त्याच्या हाती पाण्याचे दार नव्हते, आणि ज्याच्या हाती दार होते त्याच्या शेतात खार फुटत नव्हता.

असो. पुन्हा पंजाबकडे वळू.

१९४७ च्या फाळणीत पश्चिम पंजाबातून आलेले हिंदू व शीख शेतकरी तिकडे सुमारे ६७ लाख एकर जमीन सोडून आले. इकडून गेलेल्या मुसलमानांनी मागे ठेवलेली जमीन सुमारे ४७ लाख एकर होती. जमीन कमी, आणि तिचा कसही कालव्याखालच्या जमिनीहून हलका. हा हिशेब जुळविण्यासाठी तर्लोकसिंग या सनदी अधिकाऱ्याने ‘प्रमाण एकर’ ही कल्पना काढली : जमिनीचे मोल तिच्या उत्पन्नावर ठरवावयाचे, आणि मोठ्या खातेदाराला चढत्या प्रमाणात कात्री लावावयाची. त्यांच्यानंतर मोहिंदरसिंग रंधावा यांनी हे वाटप तडीस नेले. सरकारी नोकराने अभिमान बाळगावा असेच हे काम होते. परंतु परिणाम असा की, पूर्व पंजाबात पडीक म्हणून राखावयास जमीनच उरली नाही. गायराने, बाभळीची बने, पाणथळी, सारे हळूहळू नांगराखाली गेले. आज पंजाबच्या एकूण भूमीपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक भूमी लागवडीखाली आहे आणि वनाच्छादन चार टक्क्यांनाही पोहोचत नाही.

बाजूला पसरण्यास जागा उरली नाही तेव्हा शेती खाली पसरली. १९६५ आणि १९६६ च्या लागोपाठच्या अवर्षणांनी देशाला अमेरिकेच्या गव्हावर जगावे लागत होते. लुधियानाच्या कृषी विद्यापीठात मेक्सिकन गव्हापासून ‘कल्याण सोना’सारखी वाणे तयार झाली, भाक्राचे पाणी आणि वीज मिळाली, हमीभाव मिळाला. पंजाबच्या शेतकऱ्याने देशाची कोठारे भरून दिली. मग गव्हामागून भात आला. भात हे पंजाबी माणसाच्या ताटातले मुख्य अन्न नव्हे. येथे पोळी ती गव्हाची. १९६०-६१ साली पंजाबात भाताखाली सव्वादोन लाख हेक्टरांच्या आसपास क्षेत्र होते. आता ते तीस लाखांच्या वर आहे. उलट, तेव्हा आठ लाख हेक्टरांवर असलेला हरभरा काही हजारांवर आला आहे. हा तांदूळ सरकार विकत घेते आणि तो देशभराच्या, आपल्या महाराष्ट्राच्यासुद्धा, शिधावाटप दुकानांतून विकला वा वाटला जातो. चिखलणीच्या त्या भाताला लागणारे पाणी येते जमिनीच्या पोटातून. १९९७ पासून शेतीपंपांना वीज फुकट झाली, आणि चौदा लाखांच्या घरातील नलिका-विहिरी रात्रंदिवस उपसू लागल्या. वर्षाकाठी जेवढे पाणी जमिनीत मुरते त्याच्या दीडपटीहून अधिक पाणी पंजाब उपसतो, असे केंद्रीय भूजल मंडळाचे आकडे सांगतात. चमत्कार असा की, त्याच राज्याच्या नैर्ऋत्येस, मुक्तसरच्या भागात, जेथे खालचे पाणी खारट आणि वरून कालव्याचे, तेथे शेते सेम लागून कुजत आहेत.

भूजल वाचविण्यासाठी २००९ साली कायदा झाला आणि भाताची लावणी १० जूनपूर्वी करण्यास बंदी आली. (पुढे या तारखा वेळोवेळी बदलल्या.) हेतू योग्यच होता : ऐन उन्हाळ्यातले बाष्पीभवन टळावे. परंतु लावणी लांबली तशी कापणी लांबली. गव्हाच्या पेरणीपूर्वी उरणारे दिवस कमी झाले. आणि यंत्राने कापलेल्या भाताचा उभा धसकट-पेंढा, ज्याला येथे ‘पराली’ म्हणतात, तो पेटवून देणे हाच शेत मोकळे करण्याचा स्वस्त मार्ग ठरला. तो त्यापूर्वीही पेटत असे. पण आता तो ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात, जेव्हा वारा पडलेला असतो आणि हवा जड असते तेव्हा, एकदम पेटू लागला. दिल्लीतील आपल्या वाचकांस पुढचे सांगावयास नको. त्या दिवसांत मुलांचा खोकला ज्यांनी रात्रभर ऐकला आहे त्यांना या जमाखर्चाची ती बाजू ठाऊक आहे. अर्थात दिल्लीच्या धुराला दिल्लीचे स्वतःचेही बरेच हातभार आहेत. सारा दोष पंजाबच्या माथी मारून मोकळे होणे हा शुद्ध अन्याय होईल. ज्याने आपल्या सांगण्यावरून भात लावला, त्याच्या शेतातील धुराचा काही वाटा आपल्याही नावे लिहावयास हवा.

मग हा हिशेब कधी कोणी सचोटीने मांडलाच नाही काय? मांडला, आणि तोही चंदीगडच्या दाराशी.

१९५८ साली सुखना चोला बांध घालून या शहरासाठी एक सुंदर तलाव करण्यात आला. आमचे येथील सारे पाहुणे प्रथम तेथेच नेले जातात. परंतु शिवालिकची माती तलावात उतरू लागली, आणि तीस वर्षांत त्याची निम्म्याहून अधिक धारणशक्ती गाळाने खाल्ली. पुढे तर नागरिकांनी टोपल्या-फावडी घेऊन श्रमदानाने गाळ उपसला. हा गाळ कोठून येतो याचा शोध घेत मृद-जलसंधारणाच्या येथील केंद्र सरकारी संशोधन केंद्राचे पी. आर. मिश्रा १९७० च्या दशकात वरच्या डोंगरांत गेले आणि सुखोमाजरी नावाच्या लहानशा गावापाशी पोहोचले. त्या गावची गुरे-शेळ्या त्याच डोंगरांत चरत, उतारावरच्या तुटपुंज्या शेतात पीक येई न येई, आणि घळ दरवर्षी शेत खात पुढे सरके. मिश्रांना दिसले की शेळ्यांना बंदी करून उपयोग नाही. होशियारपूरला ते करून झाले होते. त्यांनी तेथे १९७६ साली एक लहानसा मातीचा बांध घातला आणि त्याचे पाणी गावाला दिले. पाणी मिळाले तसे लोकांचे बांधाकडे लक्ष लागले. बांध गाळाने भरू नये तर वरचा डोंगर राखला पाहिजे, हे कोणी सांगावे लागले नाही.

पण लगेच प्रश्न उभा राहिला. ज्याला जमीन आहे त्याला पाणी मिळणार. ज्याला जमीन नाही त्याने आपल्या शेळ्या का आवराव्यात? गावाने उत्तर काढले ते असे की, पाण्यात प्रत्येक घराचा वाटा सारखा. भूमिहीनाने हवा तर तो विकावा. तेव्हापासून कुंपणावाचून आणि पहारेकऱ्यावाचून डोंगर हिरवा होऊ लागला, भाबर गवत वाढले, दूध वाढले, आणि त्या अंगाने तलावाकडे येणारा गाळ घटला.

हे वाचताना मला एका योगायोगाचे नवल वाटले. नेमक्या याच वर्षांत, १९७२ च्या दुष्काळानंतर, आपल्या पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे ‘पाणी पंचायती’चा प्रयोग मांडीत होते. तेथेही तत्त्व तेच : पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणशी, भूमिहीनालाही वाटा, आणि पाणी पिणाऱ्या उसाला मज्जाव. शिवालिकच्या पायथ्याशी आणि पुरंदरच्या पायथ्याशी दोन वेगळी माणसे एकाच निष्कर्षाला आली. ज्याच्या नावे खर्च पडतो त्याचे नाव जमेच्या बाजूसही लिहा, म्हणजे तो स्वतःच हिशेब राखील.

या प्रयोगांचे पुढे सारे मंगलच झाले असे मात्र समजू नये. सुखोमाजरीच्या गवताच्या उत्पन्नावरून गाव आणि सरकार यांच्यात ओढाताण झाली, बांध गाळाने भरत गेले, आणि पहिला उत्साह ओसरला. एका गावात जमलेला हिशेब एका राज्याच्या भातशेतीला लावणे सोपे नाही, हेही उघड आहे. पाच-पंचवीस घरांना एकमेकांची तोंडे दिसतात; लुधियानाचा शेतकरी, दिल्लीचे खोकणारे मूल आणि आमच्या तालुक्यातील शिधापत्रिकाधारक यांना एकमेकांची तोंडे कधी दिसत नाहीत. त्यांच्यामध्ये जे काही आहे ते म्हणजे कागद, आणि तो कागद लिहिणारे आपण. आपल्यापैकी कोणी अन्नखात्यात असेल, कोणी जलसंपत्तीत, कोणी लेखापरीक्षणात. धोरण ठरविणे आपल्या हाती नाही. पण एखाद्या टिपणात लागवडीखालील वाढीव क्षेत्राचा आकडा जमेस धरताना, त्याच पानावर खाली ‘हा खर्च कोणाच्या नावे?’ एवढी एक ओळ लिहिण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

गेल्या वर्षी सुटीत आजोळी गेलो होतो. ओढ्याकडचा तो तुकडा मामांनी आता सोडूनच दिला आहे. त्यावर वेड्या बाभळी माजल्या आहेत. परत आल्यावर पहिल्या रविवारी मुलाला घेऊन सुखना तलावावर गेलो. त्याने डोंगराकडे बोट दाखवून विचारले, “बाबा, ही माती तिकडून येते?” मी होय म्हटले. “आणि आपण ती परत नेऊन का टाकीत नाही?” या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. माती परत नेता येत नाही, एवढेच त्याला सांगितले.